जर्मनची बी-१ बॅच झेपत नाहीये, परत ए-२ ला बसू का?

मिरजेची_सिस्टर

नमस्कार. जर्मनवरचे जुने धागे वाचून काढले, पण बहुतेक सगळे पुण्यातले नाहीतर कॉलेजच्या मुलांचे. माझं गणित थोडं वेगळं आहे म्हणून नवीन धागा काढते. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी मिरजेत एका हॉस्पिटलला आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय. मुलगा दुसरीत, मिस्टर कुपवाड एमआयडीसीत. जर्मनीला नर्सेस पाहिजेत हे आता आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्यालासुद्धा पाठ झालंय. आमच्यातल्या दोघी गेल्या, त्यातली एक मला ज्युनिअर होती. तिचे बर्फातले फोटो बघून मी क्लासला नाव घातलं असं मिस्टर सगळ्यांना सांगतात. पगार हे कारण आहेच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला किती पेशंट येतात ते. हे नर्सिंगमधल्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून कळायचं नाही.

क्लास विश्रामबागला आहे. ए-१, ए-२, बी-१ अशा जर्मनच्या चढत्या पायऱ्या असतात. त्यातलं ए-१ मजेत झालं. ए-२ जरा पळवत घेतलं, पण गोएथेची (जर्मनची परीक्षा घेणारी संस्था) परीक्षा पुण्याला जाऊन दिली आणि पहिल्या झटक्यात पास झाले, १०० पैकी ७२. घरी पेढे आले. लगेच बी-१ ची बॅच लागली, संध्याकाळी सात ते नऊ, आणि तिथं गाडी अडली.

वाचलेलं मला कळतं. व्याकरण म्हणाल तर पासिव, रेलाटिवझाट्झ, कोन्युंक्टिव, सगळ्याचे तक्ते वहीत सुवाच्य अक्षरात आहेत, बॅचमधली पोरं माझी वही झेरॉक्सला नेतात. पण मॅडमनी ऑडिओ लावला की मी संपले. बॅचमध्ये बहुतेक बीएस्सी नर्सिंगवाली, बावीस-तेवीसची मुलं-मुली. ऑडिओ थांबला की त्यांचे हात वर असतात आणि मी अजून दुसऱ्याच वाक्यातलं क्रियापद शोधत असते. त्यात महिन्यातले काही दिवस नाइट असते, तेव्हा सातचा क्लास करून तशीच ड्युटीवर. वर्गात मॅडम आता पूर्ण जर्मनच बोलतात, जोडीदाराशी बोलायला लावतात, आणि माझा जोडीदार होणाऱ्याचा चेहरा मला दिसतो हो.

मागच्या आठवड्यात मॅडमनी क्लास सुटल्यावर थांबवून घेतलं. म्हणाल्या, "राग मानू नका. ए-२ ची एक सकाळची बॅच अर्ध्यात आहे, तिथं येऊन बसा. त्याची फी घेणार नाही. बी-१ ची भरलेली फी पुढच्या बॅचला धरू."

मॅडम मनाच्या चांगल्या आहेत, टोमणा नव्हता. पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. ज्या कन्सल्टन्सीत नाव दिलंय ते म्हणतात डिसेंबरपर्यंत बी-१ चं सर्टिफिकेट हातात पाहिजे, नाहीतर ही संधी गेली. सासूबाई म्हणतात, "पास झालेल्या वर्गात परत बसायचं? नापास झालीस काय गं?" माहेरी तासगावकडं वडिलांना वाटतंय की पोरगी पुढच्या बेदाण्याच्या हंगामाला जर्मनीत असणार. आणि खरं सांगायचं तर मलाही ते परत 'काल मी काय केलं' वर निबंध लिहिणं नको वाटतं.

कुणी असं वरच्या लेव्हलवरून खाली उतरलंय का? फायदा झाला, की रेटून नेलेलं बरं?

कृष्णाकाठ

रेटा ताई. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. मागं फिरलं की माणूस मागंच राहतो.

भडंगप्रेमी

कृष्णाकाठ, २०१९ ला अख्खी सांगली पाण्यात पडली होती. पोहायला किती जण शिकले ते सांगा.

डेर_डी_दास

मी सांगलीतच जर्मन शिकवतो (तुमचा क्लास तो माझा नव्हे, निश्चिंत राहा). रेटा की उतरा, हे ठरवायच्या आधी एक काम करा. तुमच्या ए-२ च्या सर्टिफिकेटवर चार भागांचे वेगवेगळे पॉइंट दिलेले असतात: वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येक २५ पैकी. ते इथे टाका. ७२ हा आकडा मला काहीच सांगत नाही.

मिरजेची_सिस्टर

सर, कपाटातून काढलं. वाचन २३, ऐकणं ११, लेखन २०, बोलणं १८.

पेढे वाटायच्या गडबडीत हे कुणी बघितलंच नव्हतं.

डेर_डी_दास

वाटलंच होतं. आता सविस्तर लिहितो.

ए-२ ला पास-नापास ठरतं ते बेरजेवर. एकूण ६० पाहिजेत, त्यात लेखी तिन्ही भागांचे मिळून किमान ४५ आणि तोंडीचे किमान १५. तुमचं लेखी ५४ झालं, म्हणजे वाचन आणि लेखनानं ऐकण्याला अलगद उचलून पलीकडं नेलं. २५ पैकी ११ म्हणजे निम्मंसुद्धा नाही, पण परीक्षेला त्याचं काही वाटलं नाही.

बी-१ ला हे चालत नाही. तिथं चारही मॉड्यूल स्वतंत्र, प्रत्येक १०० पैकी, आणि प्रत्येकात वेगळे ६० पाहिजेत. वाचनात ९५ काढलेत तरी त्यातला एक पॉइंट ऐकण्याला उसना मिळत नाही. म्हणजे तुमची अडचण बी-१ मध्ये सुरू झालेली नाही. ती ए-२ पासूनची आहे, फक्त आता उघडी पडली.

आता मॅडमच्या सल्ल्याबद्दल. तो निम्मा बरोबर आहे. ए-२ च्या बॅचला तुम्ही पूर्ण वेळ बसलात तर काय होईल सांगू? पेरफेक्ट, डाटिव, वाइल-दास-वेन हे सगळं ए-२ चं व्याकरण तुम्हाला येतंच. तुम्ही वर्गात पहिल्या नंबरात याल, सगळ्यांना उत्तरं सांगाल, बरं वाटेल, आणि कान आहेत तिथंच राहतील. असे विद्यार्थी मी पाहिलेत. वही अधिकच सुंदर होते.

पण नुसतं रेटत राहण्यालाही अर्थ नाही. बी-१ चा ऑडिओ तुमच्या कानाला इतका वेगवान आहे की त्यातून शिकायला काही शिल्लकच राहत नाही, फक्त घाबरणं होतं. ऐकणं वाढतं ते साधारण पाऊण भाग कळतो अशा ऑडिओवर. तुमच्यासाठी तो ए-२ चा आहे. म्हणून माझं मत: ए-२ ला बसा, पण ऐकण्या-बोलण्यापुरतं. मॅडमना स्पष्ट विचारा की ऑडिओ आणि संभाषण कुठल्या वारी घेतात, तेवढेच वार जा. व्याकरणाच्या तासाला घरी झोपा. नाइट करून आलेल्या माणसाला झोपेची जास्त गरज आहे.

आणखी एक. गोएथे इन्स्टिट्यूट स्वतःच सांगतं की बी-१ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांचा एक, असे ३५० ते ६५० तास लागतात, आधीच्या तयारीप्रमाणं. ही ३५० आणि ६५० मधली दरी बघा. कॉलेजची मुलगी, जिच्या डोक्यात दुसरं काही नाही, ती ३५० कडं असते. आयसीयूची नाइट, दुसरीतलं पोर आणि घर सांभाळून येणारी व्यक्ती ६५० कडं असते. दोघींना एकाच बॅचमध्ये, एकाच तारखेला बी-१ ला बसवायचं ही सोय क्लासची आहे. त्यात तुमच्या बुद्धीचा काही संबंध नाही.

मिरजेची_सिस्टर

सर, हे वाचून जरा हलकं वाटलं. पण कान नक्की कुठं अडतो ते मला कळत नाही. ट्रान्सक्रिप्ट बघितली की वाटतं, अरे हे तर सगळे शब्द मला येतात!

डेर_डी_दास

तिथंच अडतो. शब्द तुम्हाला कागदावरचे येतात. जर्मन माणूस बोलताना ते तसे बोलत नाही. 'हाबं इश' हे 'हाबिश' होतं, 'हास्ट डू' चं 'हास्टं'. तुम्ही दोन शब्दांची वाट बघत बसता, तो एकात उरकून पुढं गेलेला असतो. दुसरं, वेगळी होणारी क्रियापदं. 'रुफं' ऐकलं आणि तुम्ही मनात 'बोलावणे' असा अर्थ लावून मोकळ्या झालात, तर वाक्याच्या शेवटी 'आन' येतं आणि अर्थ 'फोन करणं' निघतो. वाचताना डोळा शेवटाला जाऊन परत येतो. कानाला मागं येता येत नाही. नेबनझाट्झमध्ये, म्हणजे पोटवाक्यात, तर क्रियापद शेवटीच. खरं तर मराठी माणसाला क्रियापदाची वाट बघायची सवय जन्माची असते, पण आपण जर्मन शिकतो इंग्रजीतून आणि ती सवय दारात काढून ठेवतो.

उपाय कंटाळवाणा आहे. एक-दीड मिनिटाचा ए-२ चा ऑडिओ घ्या. ट्रान्सक्रिप्ट न बघता ऐका, जे कळलं ते मराठीत एका ओळीत लिहा. परत ऐका. मग ट्रान्सक्रिप्ट उघडा आणि जिथं कान फसला तिथंच पेन्सिलनं खूण करा. नंतर ऑडिओबरोबर मोठ्यानं बोला, त्याच वेगात, त्याच गिळलेल्या अक्षरांसकट. ज्याचा उच्चार आपल्या तोंडातून कधी निघाला नाही तो आवाज कान पटकन ओळखत नाही. डॉइचे वेलेच्या साइटवर ए-१ पासून बी-१ पर्यंतचे व्हिडिओ कोर्स फुकट आहेत, क्लासच्या सीडीपेक्षा माणसासारखे बोलतात. मिरज ते विश्रामबाग जाता-येता कानात तेच.

आणि परीक्षेत एक फसवं असतं ते आत्ताच सांगून ठेवतो: ऐकण्याच्या चारपैकी दोन भाग एकदाच ऐकवतात. क्लासमध्ये मॅडम दयेनं तीनदा लावत असतील तर त्यांना सांगा दया नको.

विटा_ते_श्टुटगार्ट

ताई, मी विट्याची. नर्सच. सध्या श्टुटगार्टजवळ एका हॉस्पिटलला आहे, त्यामुळं मला हा धागा बघून राहवलं नाही.

उतरा. लाज बाळगू नका. कारण सांगते.

मी बी-१ घेऊन आले. इथं आल्यावर लगेच नर्स म्हणून काम मिळत नाही, मान्यता पूर्ण होईपर्यंत हाताखालची मदतनीस म्हणूनच घेतात, आणि पगारही त्याचाच. पूर्ण मान्यतेसाठी कागदपत्रं, अभ्यासक्रमातला फरक भरून काढणं आणि भाषेत बी-२ (बी-१ च्या पुढची पायरी), हे सगळं लागतं. म्हणजे बी-१ हे स्टेशन आहे असं तुमची कन्सल्टन्सी सांगते ना, ते अर्धवट आहे. इथं उतरल्यावर ड्युटी करून परत बी-२ चा क्लास असतो. जिचं बी-१ खरंखुरं होतं ती पटकन बाहेर पडते. जिनं ६० वर ६१ काढून उरकलेलं असतं ती कितीतरी काळ मदतनीस म्हणूनच राहते. माझ्याबरोबर आलेल्यांत दोन्ही प्रकार आहेत.

आता ऐकण्याबद्दल. वॉर्डात वाचायला फार काही नसतं. सगळं कानावर. पाळी बदलताना यूबरगाबे होतं, म्हणजे आपलं हँडओव्हर. जाणारी सिस्टर बारा पेशंट दहा मिनिटात उरकते, निम्मं शॉर्टफॉर्ममध्ये, कोटाची बटणं लावत लावत. तिला 'परत सांगा' म्हणायला पहिले काही दिवस धीर होतो, नंतर होत नाही. मग फोन. फोनवर समोरच्याचे ओठसुद्धा दिसत नाहीत. लॅबवाला पोटॅशियमचा आकडा सांगतो आणि जर्मनमध्ये आकडे उलटे, बेचाळीसला 'दोन आणि चाळीस'. (ही आपल्या मराठीसारखीच गंमत आहे, पण इंग्रजीत नर्सिंग शिकलेल्या डोक्याला उलटीच वाटते.) मी तर आकडा ऐकला की लगेच परत म्हणून दाखवते आणि मगच लिहिते. तुम्हीही आयसीयूवाल्या आहात, एका दशांश चिन्हानं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आणि आजी-आजोबा! ते क्लासातलं जर्मन बोलतच नाहीत. इकडची श्वेबिश बोली म्हणजे पुण्याच्या माणसाला जतकडचं बोलणं ऐकवावं तसं. प्रत्येक गोष्टीला शेवटी 'ले' लावतात. पहिल्या महिन्यात एका आजींना बेडपॅन पाहिजे होतं आणि मी त्यांची उशी नीट करत बसले. त्या हसल्या म्हणून बरं.

ही बाजू झाली. दुसरी बाजू त्या डिसेंबरची. कन्सल्टन्सीला विचारा की डिसेंबर ही तारीख कुणाची, हॉस्पिटलची की तुमच्या ऑफिसची? हॉस्पिटलची असेल तर पत्र दाखवा म्हणा. इथं नर्सेसची टंचाई एका डिसेंबरला संपणारी नाही. आणि तुमच्याकडून पैसे मागितलेत का? जर्मन सरकारचं 'फेअर आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' असं एक शिक्कामोर्तब आहे, तो शिक्का असलेल्या एजन्सीनं नर्सकडून भरतीचे पैसे घ्यायचे नसतात, खर्च नोकरी देणाऱ्यानं करायचा. केरळमध्ये सरकारी नोर्का-रूट्समार्फत ट्रिपल विन नावाची योजना चालते, त्यात बी-१ पर्यंतची भाषा फुकट शिकवतात. आपल्या राज्यानंही २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी (श्टुटगार्ट ज्यात येतं ते जर्मन राज्य) मनुष्यबळाचा करार केलाय, त्यात नर्सिंग आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचं सध्या काय चाललंय ते स्वतः जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

साताऱ्याचा_सेनपाई

थोडा वेगळा सूर लावतो. मी जर्मनवाला नाही, जपानी. साताऱ्यात राहून पुण्याच्या क्लासला ऑनलाइन शिकलो. परीक्षेला पुण्याला जायचं, वर्षातून दोनच वेळा, जुलै आणि डिसेंबरचा पहिला रविवार. त्यामुळं लेव्हल चुकली की सहा महिने गेले, हा हिशोब आमच्याकडं फार कडक.

जपानीत आकडा कमी तशी लेव्हल वरची. एन-३ च्या बॅचला असताना मला क्लासनं एन-४ ला खाली टाकलं. न विचारता, एका चाचणीवरून. आणि माझ्या बाबतीत त्याचा उपयोग शून्य. कारण माझं व्याकरण, ऐकणं सगळं ठीक होतं (मराठी माणसाला जपानी वाक्यरचना तशी जवळची वाटते, 'ला', 'चा', 'पासून' शब्दाच्या मागंच लागतात). मी अडत होतो कांजीला (जपानीतली चिनी अक्षरं). एन-४ मध्ये कांजी मला येत होत्या त्याच परत गिरवायला लावल्या, एन-३ च्या तीन-चारशे नवीन कांजी होत्या तिथंच राहिल्या. दोन महिन्यात कंटाळून मी तासाला कॅमेरा बंद करून जेवायला लागलो.

मुळात एन-४ आणि एन-३ मधला खड्डा ओळखीचा आहे. पूर्वी चारच लेव्हल होत्या, वरून दुसरी आणि तिसरी यांच्यात इतकं अंतर होतं की २०१० मध्ये मधे एक नवी घालून पाच केल्या. तीच एन-३. म्हणजे परीक्षा काढणाऱ्यांनाही पायरी उंच आहे हे कबूल करावं लागलं. तरी ती चढताना लोकांना वाटतं दोष आपलाच.

त्यामुळं डेर_डी_दास सरांशी सहमत. खाली जायचं ते कशासाठी, हे एका शब्दात सांगता आलं तर जा. 'ऐकणं' असं तुम्ही सांगू शकताय, म्हणून तुम्ही जावं. 'मला झेपत नाही' एवढंच उत्तर असेल तर खालच्या वर्गातही झेपणार नाही, कारण तिथं न झेपणारी गोष्ट शिकवतच नाहीत.

आमच्याकडंही बेरीज फसवते, पण थोडी कमी. एन-४ ला १८० पैकी ९० पाहिजेत, आणि त्यातच ऐकण्याला ६० पैकी किमान १९. १९ म्हणजे एक तृतीयांश. बी-१ च्या ६० पुढं आम्ही लाडावलेलेच म्हणायचे.

कृष्णाकाठ

बरं, माझा 'रेटा' मागं घेतो. पण ताई, फी पुढच्या बॅचला धरणार हे मॅडमकडून पावतीच्या मागं लिहून घ्या, तारीख घालून. माणूस चांगला असला तरी क्लासच्या जागेचं भाडं वाढलं की आठवण कमी होते. आणि सासूबाईंना 'रिव्हिजन बॅच' म्हणून सांगा. इंग्रजी शब्द वापरला की घरात प्रश्न कमी येतात, हा तीस वर्षांचा अनुभव.

मिरजेची_सिस्टर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, मधे नाइट होत्या.

मॅडमशी बोलले. सर्टिफिकेट दाखवलं. त्यांनाही ते ११ बघून आश्चर्य वाटलं, कारण ए-२ ला त्या नव्हत्या, दुसरे सर होते. ऑडिओ आणि बोलण्याचे वार मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी आठ ते साडेनऊ. नाइट संपवून थेट जाता येतं, पण सरांनी झोपेचं लिहिलंय ते लक्षात आहे, म्हणून नाइटच्या आठवड्यात एकच दिवस जायचं ठरवलंय. बी-१ ची ही बॅच सोडली. वही मात्र पोरांनी ठेवून घेतली. फीचं पावतीच्या मागं लिहून घेतलंय, कृष्णाकाठ काका, तारखेसकट. मॅडम हसल्या पण लिहिलं त्यांनी.

पहिल्या तासाला गेले तेव्हा ए-२ ची पोरं मला नवीन टीचर समजून उभी राहिली. ऑडिओ लागला, रेल्वे स्टेशनवरची अनाउन्समेंट होती, गाडीचा प्लॅटफॉर्म बदललाय वगैरे. मिरज जंक्शनवर वाढलेल्या माणसाला निदान हे तरी यावं! आलं. दुसरा ऑडिओ डॉक्टरच्या अपॉइंटमेंटचा होता, त्यात वेळ चुकली, 'हाल्ब आख्ट' म्हणजे साडेसात, मी साडेआठ लिहिलं. पण निदान कुठं चुकलं ते कळलं. बी-१ मध्ये तेही कळत नव्हतं.

विट्याच्या ताई, कन्सल्टन्सीला फोन केला. डिसेंबर कुणाचा विचारलं तर आधी म्हणाले हॉस्पिटलचा, पत्र मागितल्यावर म्हणाले पुढच्या वर्षी मार्चमध्येही एक बॅच जाणार आहे. डॉक्युमेंटच्या नावाखाली थोडे पैसे घेतलेत त्यांनी. पावती आहे. मिस्टर शनिवारी जाऊन बसणार आहेत त्यांच्याकडं. माझ्यापेक्षा त्यांचा आवाज जास्त चालतो.

तासगावला अजून सांगितलेलं नाही. द्राक्षाच्या छाटणीच्या धांदलीत वडील विचारणारही नाहीत, तोवर निभेल.

सर, एक शेवटचं. बी-१ चे चार मॉड्यूल वेगवेगळे देता येतात म्हणतात. मग वाचन आणि लेखन आत्ताच देऊन टाकू का? ते माझे तयार आहेत. ऐकणं-बोलणं पुढं.

डेर_डी_दास

देता येतात, वेगवेगळे किंवा एकत्र, आणि एखादं राहिलं तर तेवढंच परत देता येतं. पण तुमच्या जागी मी आत्ता देणार नाही, दोन कारणांनी. एक, लेखनाला बी-१ मध्ये तासाभरात तीन मजकूर लिहायचे असतात, त्यातला एक चर्चेतलं मत, एक औपचारिक पत्र. तक्ते येणं आणि ते येणं वेगळं. मॅडमना दोन नमुने लिहून दाखवा, त्या म्हणाल्या तर बघू. दोन, सर्टिफिकेटवरच्या तारखा. गोएथेचं सर्टिफिकेट कालबाह्य होत नाही, पण मागणारे बऱ्याचदा 'एक-दोन वर्षांच्या आतलं' मागतात. वाचन आत्ता आणि ऐकणं वर्षभरानं अशी फाटाफूट झाली तर पहिलं शिळं व्हायला लागतं तेव्हा दुसरं हातात येतं.

ऐकण्याचा बी-१ चा एक जुना सरावसंच गोएथेच्या साइटवर फुकट आहे. तो आत्ता उघडू नका. ए-२ चे तुमचे मंगळवार-शुक्रवार होऊ द्यात, मग एका सुट्टीच्या सकाळी घड्याळ लावून सोडवा आणि आकडा इथं टाका. साठ असो नाहीतर तीस. त्यावरून पुढची बॅच घ्यायची की अजून थांबायचं ते ठरवू.

मिरजेची_सिस्टर

ठीक सर. टाकते. 'हाल्ब आख्ट' सारखे आणखी काही सापळे असतील तर तेही सांगून ठेवा, ड्युटीच्या डायरीत मागच्या पानावर लिहितेय.

विटा_ते_श्टुटगार्ट

'फिअर्टल नाख' म्हणजे सव्वा आणि 'फिअर्टल फोर' म्हणजे पावणे. आणि इकडं आलात तर 'ड्रायफिअर्टल आख्ट' म्हणतात, म्हणजे पावणेआठ. पहिल्या आठवड्यात मी एका तासानं उशिरा पोचले होते, ओबेरश्वेस्टर (हेड सिस्टर) काही बोलली नाही, नुसतं घड्याळाकडं बघितलं तिनं.